पाठीमागची बोटं

लिएपायात वाऱ्याला सुट्टी नसते.
उद्याचा अंदाज: नैऋत्येकडून, दुपारनंतर फिरेल.
'फिरेल'खाली दाइगाने पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या,
बशी बाजूला सरकवली,
मधोमध सुरी आडवी ठेवली, ती जाळी.
अलीकडे राईच्या पावाचे दोन तुकडे:
ही तू, ही मी.
पलीकडे चीजमधून टोकरून काढलेले
जिऱ्याचे दोन दाणे.

"टेक्ला उंच आहे, तिच्या नादी लागायचं नाही.
सगळ्या सर्व्हिस विझ्मावर.
विझ्माचं तू सांग.
सहा वर्षं खेळलीस तिच्याबरोबर."

सहा वर्षं.
एक तंबू, एक स्टोव्ह, एक कंगवा,
आणि गाडीच्या सीटखालची वाळू
जी अजून निघतेच आहे,
कुठल्या किनाऱ्याची ते आता ओळखता येत नाही.

मी सांगू लागते.
ऊन समोर असलं की ती डावा खांदा आधी उचलते.
विसाच्या पुढे आकडा गेला की रेघेवर मारायचं धाडस नाही करत,
तिरका मारते, लांब, कोपऱ्यात.
आणि चेंडू जाळीलगत हलकेच टाकायचा असेल
तर त्याआधी
जीभ वरच्या ओठावरून फिरवते,
मीठ पुरेसं आहे का बघितल्यासारखी.

दाइगा लिहून घेते.
औषधांच्या दुकानात काम करते ती,
अक्षर सुबक, आकडे त्याहून सुबक.

"आणि गुडघा? तिचा गुडघा दुखावला होता ना?
कुठला?"

मी पाणी प्यायला उठते.
नळ उगाच जरा वेळ सोडते.

पार्नूला. शेवटच्या सेटमध्ये. उजवा.
बर्फ फक्त मासेवाल्याकडे मिळाला,
रात्रभर तंबूत तिच्या गुडघ्याला हेरिंगचा वास,
ती कण्हायची, मग हसायची,
मग मी हसायचे म्हणून आणखी कण्हायची.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?
एकाच समुद्राचं मीठ खाल्लंय आम्ही.

"डावा," मी म्हणते.

दाइगा लिहिते: डावा.
खाली दोन रेघा.

*

थंडी इतकी की चौघींनीही लांब पँट घातलेली.
झेंडे ताठ. प्रेक्षक ब्लँकेटात.
विझ्माची पहिलीच सर्व्हिस
माझ्या उजव्या कमरेशी, कोपराच्या आत,
जिथे मी नेहमी अर्धा क्षण उशिरा पोचते
आणि हे जगात एकाच माणसाला माहीत आहे.

दुसरी तिथेच.
तिसरीही.

म्हणजे तिने सगळं सांगितलंय.
कुणाच्या तरी टेबलावर मला नीट मांडून,
न अडखळता, खरं खरं.
वाळू थुंकता थुंकता मला हसू आलं.
राग यायला हवा होता, तो कुठेतरी
वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला राहिला असेल.

वारा फिरलाच नाही, तसा.
अंदाज चुकला, वही चुकली,
पहिला सेट गेला, दुसरा ओढून आणला,
तिसऱ्यात बारा-बारा.

आणि तेव्हा विझ्मा
कोपऱ्यातला चेंडू काढायला झेपावली
आणि उठताना
दोन्ही हातांनी धरला
उजवा गुडघा.

दाइगाने तिच्याकडे बघितलं.
मग माझ्याकडे.
बारा वर्षांच्या नोकरीत चुकीची चिठ्ठी
तिने एकदाही पुढे जाऊ दिली नसेल;
तशी बघत राहिली.
काही बोलली नाही.
हाताची वाळू झटकली, जाळीकडे गेली.

सर्व्हिस माझी.
चेंडू ओला, जड, एका बाजूने सोललेला.
दाइगाच्या पाठीमागे तिचा हात.
एक बोट म्हणजे रेघ अडवते,
दोन म्हणजे तिरका.

बोट नाही.
मूठ.

अडवणार नाही.
आठ मीटर गुणिले आठ मीटर,
अख्खी वाळू तुझी,
तुझं तू बघ.

पलीकडे विझ्मा गुडघ्यात वाकून उभी,
माझ्याकडेच बघत, वारा तोंडावर घेत.
मी चेंडू वर फेकला, मारला,
तिच्यावरच,
टेक्लाने उचलून दिला,
ती निघाली, दोन पावलं, तिसरं जरा आखूड,

आणि तिची जीभ
ओठावर.